टेपबाई आणि आमचा श्रावण

टेपबाई कुणालाही भेटल्या की नमस्कार नंतर, आधी दंड धरायच्या. डावा दंड. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये त्यांचा अंगठा बसायचा आणि दुसऱ्या हातानं पर्समधून एक पातळ पट्टी बाहेर यायची. लाल, पिवळी, हिरवी. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा दंड मोजायचा टेप तो. लालमध्ये आलं तर मूल धोक्यात, पिवळ्यात आलं तर धोक्याच्या वाटेवर, हिरव्यात आलं तर आज तरी ठीक. माझी त्यांची पहिली भेट झाली ती गणपतीच्या आरतीनंतर. माझ्या हातात मोदकांची बशी होती. त्यांनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दंड धरला, आणि टेप काही पुरेना तेव्हा चारचौघींत म्हणाल्या, "तुम्हाला पडद्याचं माप घेणारा टेप लागेल हो." नाव विचारलं ते त्यानंतर.

मला त्या अजिबात आवडल्या नाहीत. घरी येऊन मी नवऱ्यापाशी अर्धा तास धुसफुसले. तो रेल्वेत, कलकत्त्यात गार्डन रीचला नुकतीच बदली झालेली, खोकीसुद्धा उघडली नव्हती. तो म्हणाला, "खरं बोलल्या त्या." दोघांवरही मी दोन दिवस रागावलेली होते.

बाईंचं घर बागबाजारात. आजोबा नोकरीला म्हणून कलकत्त्यात आले ते परत गेलेच नाहीत. बाई इथेच जन्मल्या, इथल्याच एका मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. सत्तरी उलटलेली, लग्न केलेलं नाही. का, असं कुणी भोचकपणे विचारलंच तर "वेळ नव्हता" एवढंच सांगायच्या. मराठी स्वच्छ, जरा जुन्या वळणाचं. आमची पोरं गणपतीच्या कार्यक्रमात हिंदी-इंग्रजीची भेळ करायची तेव्हा बाई कानावर हात ठेवायच्या. बदलीवर आलेल्या आम्हा बायकांना त्या "तीन वर्षांच्या बायका" म्हणायच्या, आणि तेही तोंडावर. "तुमचं काय बाई, आलात, चार तांतच्या साड्या घेतल्यात, संदेश खाल्लेत, निघालात."

आमचा शुक्रवारचा एक गट होता. अधिकाऱ्यांच्या बायका, दर आठवड्याला एकीकडे जमायचं, खायचं, आणि खाऊन झालं की समाजकार्य करायचं. हो, समाजकार्य! थंडीत ब्लँकेटं वाटली तेव्हा आमचा बॅनर ब्लँकेटांपेक्षा मोठा होता. फोटोत ब्लँकेट घेणारी म्हातारी निम्मी कापली गेली, पण आम्ही साती जणी दिसलो. मी या गटाची सेक्रेटरी, आणि मला त्याचा केवढा तोरा! बाईंनी बॅनरची गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, "तोच पांघरायला द्यायचा होता. ऊब जास्त मिळाली असती." तेव्हापासून त्या मला कधी नावानं हाक मारायच्या नाहीत. मी कायमची 'सेक्रेटरीबाई' झाले, आणि त्या शब्दाला त्यांच्या तोंडी जी धार होती ती इथे लिहून दाखवता येणार नाही.

मग मी त्यांच्या नादी लागले कशी? चिडून. एवढं बोलतात तर करतात तरी काय, ते बघू या म्हणून एका सकाळी गेले. आमच्या रेल्वे कॉलनीच्या भिंतीपलीकडे वस्ती होती आणि वस्तीच्या तोंडाशी पाड्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा, क्लब. एक खोली, भिंतीवर फुटबॉलच्या संघांचे फोटो, मध्ये कॅरम. दुपारपासून तिथे मोठमोठे बाप्ये कॅरम कुटत बसायचे. त्यांना उद्देशून बाई जे बंगालीत बोलायच्या ते मला तेव्हा कळत नव्हतं हे बरंच होतं. सकाळी अकरापर्यंत खोली बाईंची. कॅरम भिंतीला टेकवायचा, सतरंजी अंथरायची आणि तीस-पस्तीस मुलांना जेवायला घालायचं. बागबाजारहून त्या सर्क्युलर रेल्वेनं खिदिरपूरपर्यंत यायच्या आणि पुढे ऑटोनं. ती गाडी चुकली की दुसरी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून पहाटे उठून स्टेशनवर जाऊन बसायच्या.

स्वयंपाक शोभामाशी करायची. माशी म्हणजे इथली मावशी. वस्तीतलीच बाई, बोलायला गोड आणि पाणी घालायला सढळ. खिचडीचं पातेलं उतरलं की बाई त्यात पळी उभी करायच्या आणि हात सोडून द्यायच्या. पळी उभी राहिली तर वाढप सुरू. कलली तर, "हे तीर्थ झालं माशी. पळीपळीनं दे आणि पोरांना डोक्याला हात पुसायला सांग!" असं आधी मराठीत, मग बंगालीत. माशीला मराठीसुद्धा कळायला लागलं होतं. मग पातेलं परत चुलीवर, वर मोहरीचं तेल, आणि मुलं ताटं वाजवत बसलेली. बाई ढिम्म हलायच्या नाहीत. एकदा मी म्हटलं, "अहो, भुकेली आहेत, वाढू या ना आहे तसं." तर म्हणाल्या, "भुकेली नाहीत हो ती. येता येता बिस्किटाचा पुडा खाऊन आलीयत. पोट भरलेलंच आहे. उपाशी काय आहे ते बघायला हा टेप लागतो."

खिचडीबरोबर रोज प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं. अर्धं नाही, अख्खं. आणि ते खोलीतच खायचं. दाराशी बाई उभ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला दरडावायच्या, "मुठो खोलो!" मूठ उघड. कारण मुलं, त्यातून मुली, अंडं लपवून घरी न्यायच्या. फ्रॉकच्या खिशात, चड्डीच्या नाडीत, कुठेही. घरी गेलेलं अंडं बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या ताटात पडायचं. मला तो प्रकार फार अपमानाचा वाटला. लहान लेकरांची झडती कसली घ्यायची? तसं मी बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "मान नंतर देऊ. आधी मांस येऊ दे अंगावर."

त्या मुलांत मांपी होती. चार वर्षांची, आणि दिसायला जेमतेम अडीचची. केस तांबूस, विरळ. बोलायची नाही, नुसती बघायची. अंड्याचं पांढरं आधी खायची आणि बलक मुठीत धरून ठेवायची. दाराशी बाईंनी दरडावलं की मूठ उघडायची, चुरा झालेल्या बलकाकडे बघायची आणि मग नाइलाजानं चाटून संपवायची. तो बलक धाकट्या भावासाठी असायचा. हे कळल्यावर माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून त्या धाकट्यालाही आणून बसवलं आणि म्हणाल्या, "रडून झालं असेल तर अंडी सोला, सेक्रेटरीबाई."

हे सगळं करणाऱ्या बाई स्वतः अंडं खात नव्हत्या. आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं. घरात चातुर्मासात कांदा-लसूण येत नसे. खोलीतून निघताना त्या चार-चार वेळा साबणानं हात धुवायच्या, घरी जाऊन अंघोळ करायच्या, तेव्हा कुठे देवाजवळ दिवा लागायचा. अंडी उकडताना वासानं त्यांना मळमळायचं. तोंडात लवंग धरून उभ्या राहायच्या. मला हे महिनाभरानं माशीकडून कळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

एकदा मला त्या एका परिसंवादाला घेऊन गेल्या. मोठं हॉटेल, गारेगार हॉल, विषय जगातली भूक. पडद्यावर जगाचा नकाशा होता आणि त्यात देश रंगवलेले, कुठे फिकट, कुठे गडद. एक गृहस्थ हातातल्या लाल ठिपक्यानं आफ्रिका दाखवत होते, मग आपल्याकडे आले. अन्नसुरक्षा, अन्नसुरक्षा असं इतक्या वेळा म्हणाले की मला तो पहारेकऱ्यांचा विषय वाटायला लागला. बाई उठल्या. "यात आमची गल्ली कुठल्या रंगात आहे?" ते गृहस्थ हसून म्हणाले की हा नकाशा देशपातळीवरचा आहे. "असं होय," बाई म्हणाल्या, "मग देशाला ताट वाढा. गल्लीला मी वाढते." आणि खाली बसल्या. हॉलमध्ये कुणी हसलं, कुणी खोकलं. जेवायला इतके पदार्थ होते की मी शरमेनं नुसती कोशिंबीर घेतली. बाईंनी मात्र पुरी, छोले, पनीर, दोन प्रकारची मिष्टी असं व्यवस्थित पोटभर खाल्लं. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "नाटकं कशाला करता? तुम्ही कोशिंबीर खाल्लीत म्हणून मांपीचा दंड वाढणार आहे का?"

त्या पावसाळ्यात बाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. एक डोळा, मग थोड्या दिवसांनी दुसरा. दीड-दोन महिने प्रवास बंद. खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची हा प्रश्न होता. अंड्यांची सोय करणारे त्यांचे एक जुने ओळखीचे गृहस्थ मुलाकडे परदेशी निघून गेले होते, आणि मी मोठ्या ऐटीत आमच्या गटाकडून सगळ्याची जबाबदारी घेतली होती. तेव्हा किल्ली माझ्याकडेच आली. आषाढ संपत आला होता. जाण्याआधी बाईंनी एकेका मुलाचा दंड मोजला. मांपीच्या दंडाला टेप लावला, ती पिवळ्यात होती, पण लालच्या अगदी शेजारी. बाईंनी बॉलपेन काढलं आणि टेपवर तिथे बारीकशी रेघ मारली. "हिच्यावर डोळा ठेवा," मला म्हणाल्या. "अंडं चुकवू नका."

आणि मग आमचा श्रावण लागला.

आता सांगायलाही लाज वाटते. शुक्रवारी गट जमला आणि कुलकर्णीवहिनींनी विषय काढला. आपण देतो, आपल्या नावानं जातं, आणि ऐन श्रावणात आपल्या नावानं अंडी? बरं दिसतं का? दुसरी म्हणाली, लाडू देऊ या, नाचणीचे. नाचणीत किती ताकद असते! तिसरीनं फोनवर कुठला तरी तक्ता काढून दाखवला. बंगाल्यांचा श्रावण आपल्या आधी लागतो आणि आधीच संपतो. त्यांच्या पंचांगाप्रमाणे आमच्या श्रावणाचा निम्मा भाग भाद्रपदच होता. आणि श्रावण असो नसो, मासळी त्यांना देवाच्या नैवेद्यालासुद्धा चालते. ज्यांच्या ताटातलं अंडं जाणार होतं त्यांचा या श्रावणाशी काडीचा संबंध नव्हता. हे एकीलाही सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं, कारण मी तिथे रोज जात होते. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, "एकच महिना तर आहे. एका महिन्यानं काय होतंय?"

असा शहाणपणा करून मी गटावर निरोप टाकला, वर फुलांचं चित्र लावून. बायकांनी नाचणी थेट महाराष्ट्रातून मागवली. लाडू झाले. दगड झाले होते, पण सात्त्विक दगड. शोभामाशीनं विचारलं, "दिदी, डिम?" अंडी कुठायत? मी म्हटलं, महिनाभर नाहीत, आमचा सण आहे. तिनं अंड्यांचं पातेलं पालथं घातलं. मुलांनी लाडू चाटले, काहींनी घरंगळवले, बाकीच्यांनी घरी नेले. 'मुठो खोलो' मी बंद करून टाकलं होतं ना, मुलांचा मान राखायला! अंडं तरी चुरगळायचं, लाडू अखंड घरी पोचायचा आणि बापाच्या चहाबरोबर संपायचा. आम्ही फोटो काढले. बाईंचा फोन आला की मी सांगायचे, "सगळं व्यवस्थित आहे बाई, तुम्ही डोळ्यांना जपा." अंड्यांचं त्यांनी विचारलं नाही. मी नेमकं तेवढं चुकवणार नाही, असं त्यांनी धरलेलंच होतं.

भाद्रपदाच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या. काळा चष्मा लावून, न कळवता. पातेल्याकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या नाहीत, थेट मांपीपाशी जाऊन खाली बसल्या आणि दंड धरला. टेप लावला. चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग पेन काढून दुसरी रेघ मारली. लालमध्ये. मी उभ्या जागी सुरू झाले, तिला मध्ये हगवण लागली होती, पाऊस फार झाला, वस्तीत पाणी साचलं. बाई म्हणाल्या, "हगवण दर वर्षी लागते. तिच्याशी भांडायला अंगात काही लागतं. अंडी?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार?

त्यांनी डब्यातला एक लाडू उचलला, जमिनीवर आपटून पाहिला. तो फुटला नाही. आवाज न चढवता म्हणाल्या, "आमच्या बागबाजारापासून एक खंदक सुरू व्हायचा, माहितीय तुम्हाला? आपल्या मराठ्यांच्या भीतीनं खणला होता या लोकांनी. आपले स्वार यायचे आणि उभं धान्य लुटून न्यायचे. बर्गी म्हणतात इथे त्यांना. इथल्या आया अजून पोरांना बर्गी येतील म्हणून भीती घालतात. लहानपणी शाळेत मला मुली चिडवायच्या त्यावरून, मी रडत घरी यायची." त्यांनी लाडू परत डब्यात टाकला. "ते घोड्यावरून आले आणि धान्य नेलं. तुम्ही चारचाकीतून आलात आणि पोरीच्या ताटातलं अंडं नेलंत. वर फोटो काढलेत."

मी काहीतरी पुटपुटले, श्रावण, गटाच्या भावना.

"श्रावण मला शिकवता?" त्या पहिल्यांदा ओरडल्या. "मी महिनाभर एकभुक्त असते! माझा श्रावण माझ्या ताटात. तिच्या ताटात हात घालायचा तुम्हाला कुणी अधिकार दिला?" मग एकदम आवाज उतरला. "मीच दिला. किल्ली मीच दिली. तीन वर्षांच्या बाईला."

चारच दिवसांत मांपीला ताप भरला आणि छातीत कफ झाला. दंड लाल असला की साधा तापसुद्धा साधा राहत नाही, हे मी तेव्हा शिकले. सरकारी रुग्णालयात ती तीन आठवडे होती. एका खाटेवर दोन मुलं, खाली आया. बाई काळा चष्मा लावून रोज बागबाजारहून जायच्या, आणि मी त्यांच्या मागून. त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी पेजेचा डबा न्यायचे, तो त्या वास घेऊन, पळी उभी करून बघायच्या आणि मगच मांपीच्या आईच्या हातात द्यायच्या. एका दुपारी डॉक्टरांनी बाईंना बाजूला बोलावून काहीतरी सांगितलं. मी आयुष्यात इतके नवस कधी बोलले नव्हते. ताप उतरायला लागलाय, एवढंच ते सांगत होते.

ती वाचली. घरी आणली त्या दिवशी मी आनंदानं बाईंचा हात धरायला गेले. त्यांनी तो सोडवून घेतला. "वाचली हे तिचं कर्तृत्व. तुमचं त्यात काही नाही. उद्या साडेसातला या, अंडी उकडायची आहेत."

गेले. आमच्याही घरात श्रावण कडक, अंड्याला मी कधी हात लावला नव्हता. तोवर मुलांची अंडी सोलायचे ती हातात पिशव्या घालून. त्या दिवसापासून उघड्या हातानं सोलायला लागले. पहिले दोन दिवस ओकले, तिसऱ्या दिवशी बाईंनी न बोलता पर्समधली लवंग पुढे केली. आमच्या दोघींमध्ये जो काही समेट झाला तो एवढाच. गटाचा मी राजीनामा दिला. 'मुठो खोलो' मी दाराशी उभी राहून बाईंपेक्षा मोठ्यानं म्हणायला लागले. मांपीला लालमधून पिवळ्यात यायला दोन महिने लागले आणि हिरवा दिसायला चैत्र उजाडला. आम्ही एका महिन्यात घालवलेलं तिनं सहा-सात महिने रोज एक अंडं खाऊन परत मिळवलं.

बाई गेल्या फाल्गुनात गेल्या. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्या नाहीत. स्टेशनवरच्या बाकावर त्यांची रोज वाट बघणारा चहावाला चौकशी करत घरी आला, तेव्हा कळलं. त्यांच्या भाचीनं मला एक पाकीट आणून दिलं. वर लिहिलं होतं, 'सेक्रेटरीबाई'. आत किल्ली होती आणि तो टेप. चिठ्ठी नाही, काही नाही. मी पाकीट झटकून झटकून पाहिलं, एखादा बरा शब्द कुठे चिकटून राहिलाय का म्हणून. मग फार रडले. आणि मग साडेसात वाजत आले होते म्हणून उठले.

नवऱ्याची बदली त्याआधीच नागपूरला झाली होती. मुलीची बारावी आहे म्हणून मी मागे राहते, असं सगळ्यांना सांगितलं. मुलगी बारावी होऊन पुण्याला गेली तरी मी खिदिरपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत आहेच. नवरा फोनवर काय म्हणतो ते सोडा. मांपी आता सहा वर्षांची आहे, शाळेत जाते, टेप तिला लागू नाही. बोलायला लागली आहे, चुरूचुरू बोलते, माझ्या बंगालीला हसते.

परवा आमच्या जुन्या गटाची नवी सेक्रेटरी आली. तीनच महिन्यांपूर्वी बदलून आलेली, उत्साही, हातात डबा. या वेळी राजगिऱ्याचे लाडू. म्हणाली, "काकू, गटाची फार इच्छा आहे. श्रावणात अंड्याऐवजी हे देऊ या. एकच महिना तर आहे. एका महिन्यानं काय होतंय?"

मी तिचा दंड धरला. टेप अर्थातच पुरला नाही, ती हसायला लागली. मग मी टेप सरळ करून तिच्या तळहातावर ठेवला आणि बॉलपेनच्या दोन रेघा दाखवल्या, एक पिवळ्यात, एक लालमध्ये. दोन्हींत माझ्या करंगळीच्या नखाएवढं अंतर आहे.

"ही श्रावणाआधीची," मी म्हटलं. "ही नंतरची."

ती हसायची थांबली. "कुणाच्या आहेत या रेघा?"

"दंड एका पोरीचा आहे," मी म्हणाले. "रेघा माझ्या आहेत. डबा तिकडे ठेव, पदर खोच आणि अंडी सोलायला बस."